युद्ध तेरा दिवसांत संपलं, आणीबाणी नाही

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "एकदाचं मोठं युद्ध होऊन जाऊ दे, मग बघा देश कसा सुतासारखा सरळ येतो." खाली अंगठ्यांची रांग. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण आमच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा विषय काढला तरी तो देशभक्तीवर जातो. म्हणून इथे लिहितोय.

देश सरळ येतो हे खरंय. विरोधक सरळ येतात, पेपरवाले येतात, आणि मग डाळ महाग का झाली विचारणारा माणूस सगळ्यांना वाकडा दिसायला लागतो. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, पण आज डोकं फिरलंय.

१९७१ चंच घ्या. बाबा तेव्हा कल्याणला लोको शेडमध्ये होते. ३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं, ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, आणि बाबा चाळीत फिरून कुणाच्या फटीतून उजेड दिसतोय ते बघून दार वाजवायचे. १६ तारखेला ढाक्यातल्या शरणागतीची बातमी रेडिओवर लागली तेव्हा त्यांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले, उधारीवर आणून. ९३ हजार युद्धकैदी, कोण नाचणार नाही? आणि ते युद्ध करायलाच लागणार होतं, पूर्व पाकिस्तानातून कोटभर निर्वासित येऊन बसलेले, मान्य, त्यावर माझ्याशी भांडू नका.

पण पुढचं बघा ना. मार्च १९७२ मध्ये विधानसभेची निवडणूक, महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला. आदल्या वर्षी लोकसभेच्या ३५२ जागा 'गरिबी हटाव'वर मिळालेल्या, पण आता गरिबीचं काय झालं विचारायला समोर होतं कोण? आणि त्याच वर्षी दुष्काळ. मदतीची सुकडी, रेशनची लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं. निर्वासितांचा खर्च, युद्धाचा खर्च, त्यात ७३ मध्ये तिकडे अरब-इस्रायल भिडले आणि तेल भडकलं (भांडण त्यांचं, बिल आपल्याला). ७४ मध्ये महागाई २५ टक्क्यांच्या घरात. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर बायकांना घेऊन लाटणी हातात घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या काय हौस म्हणून?

मग मे १९७४, रेल्वेचा संप. पेढे वाटणारे आमचे बाबा संपात. आणि संपवाल्यांना कशाखाली उचलत होते माहितीये? डीआयआर. डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स! युद्ध सुरू झाल्या झाल्या, डिसेंबर ७१ मध्ये जो कायदा केला त्याचे नियम. युद्ध कधीच संपलेलं, सिमला करार होऊन दोन वर्षं होत आलेली, आणि ऐका, पाकिस्तानचे ते कैदी एप्रिल ७४ च्या अखेरीपर्यंत परत पाठवूनही झाले होते. त्यांचे सैनिक घरी आणि मेमध्ये आपले फायरमन, पॉइंट्समन तुरुंगात! बाबा डोंबिवलीला मावशीच्या माळ्यावर झोपायचे, आणि पोलीस दारात आले की आई सांगायची, गावी गेलेत.

हे चाललं कसं? तर ३ डिसेंबर ७१ ला लावलेली आणीबाणी कुणी उठवलीच नव्हती. तो कायदा आणीबाणी असेपर्यंत आणि वर सहा महिने चालणार होता, मग कोण कशाला उठवतंय? आपण शाळेत शिकलो ती आणीबाणी २५ जून ७५ ची, ती याच्यावर दुसरी. ती २१ मार्च ७७ ला उठली, युद्धाची त्याच्यानंतर, २७ मार्चला. मोरारजी पंतप्रधान झाल्यावर! तेरा दिवसांचं युद्ध आणि पाच वर्षांहून जास्त आणीबाणी, काकांना कुणीतरी विचारा की एवढं सरळ आलं का पुरेसं.

आता कुणीतरी म्हणेलच की युद्ध झालं नसतं तरी इंदिराबाईंनी ७५ ला तेच केलं असतं. असेल. त्यांची निवडणूक रद्द करणारा अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल काही ढाक्यामुळे लागला नव्हता.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. १९८२ ला अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सला, ३० मार्चला कामगार लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरले, मार खाल्ला, पकडले गेले. २ एप्रिलला सैन्य ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरलं आणि त्याच शहरात लष्करशहा गल्तिएरीचा जयजयकार. तीन दिवसांत! जूनमध्ये हरले, गल्तिएरी गेला, पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या. आणि तिकडे ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई, ज्यांच्या नावानं बेकारीवरून बोंब चालली होती, त्या ८३ ची निवडणूक दणक्यात जिंकल्या. जिंकलेल्याला कुणी हिशोब विचारत नाही, एवढंच.

दुपारी बाबांना काकांचा मेसेज वाचून दाखवला. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "जाऊ दे रे, पेढे मीपण वाटलेत." राग नाही, काही नाही, चहा मागितला. मग मीच जरा शांत झालो.

७७ ला बाबांनी काँग्रेसच्या विरोधात मत दिलं, घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून. आणि ८० ला परत इंदिराबाईंना! का म्हणून विचारलं तर म्हणतात, जनता पक्षवाल्यांची भांडणं बघवेनात. त्याच्यावर आमचं अजून वाजतं, ते परत कधीतरी.