यंदा आठ-चार

ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडला की अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातला माणूस दोन गोष्टी छातीठोकपणे सांगतो. मका यंदा जोरात आहे, आणि आपला संघ यंदा आठ-चार. यातलं मक्याचं भाकीत खरं ठरण्याची शक्यता बरीच जास्त, कारण मक्याला शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू सांभाळावा लागत नाही.

आठ-चार म्हणजे आठ विजय, चार पराभव. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा नेहमीचा हंगाम बारा सामन्यांचा, ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत. सहा जिंकले की डिसेंबराच्या आसपास एक जादा सामना पदरात पडतो, त्याला बाऊल म्हणतात. म्हणजे वाटीच. मोठ्या पंगतीत पान मांडलं नाही, तरी वाटीभर शिरा घरी नेता येतो, अशी व्यवस्था. मोठी पंगत म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची प्लेऑफ. २०२४पासून तिथे बारा पानं मांडतात.

नेब्रास्का विद्यापीठाचा संघ एके काळी त्या पंगतीचा यजमान होता. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं. टॉम ऑस्बोर्न यांनी २५ वर्षं प्रशिक्षकपद सांभाळलं, २५५ सामने जिंकले आणि एकाही हंगामात नवाच्या खाली विजय येऊ दिले नाहीत. लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२पासून आजतागायत प्रत्येक सामन्याला संपलेली आहेत. आजोबा बोर्डात आलेल्या घरात नातवाने सत्तर टक्के मिळवले तर जे तोंड होतं, ते तोंड करून जुनी मंडळी आपलं ‘आठ-चार’ ऐकून घेतात. त्यांच्या लेखी हा नम्रपणा झाला. आकडेमोडीच्या लेखी तो माज आहे. मी या दोन्हींच्या मधे बसून दर ऑगस्टात भाकितं लिहितो, त्यामुळे ही आठ-चारची भट्टी कशी लागते ते मला आतून माहीत आहे.

पहिला कच्चा माल म्हणजे सरावशिबिराच्या बातम्या. या बातम्या एकदा पाठ केल्या की पुन्हा वाचाव्या लागत नाहीत, नावं तेवढी बदलायची. अमुक लाईनमनने उन्हाळ्यात बारा पौंड स्नायू कमावले. तमुक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणारा गडी, आता ‘पुढारी’ झाला आहे. आणि संघातलं वातावरण यंदा ‘वेगळं’ आहे. गेल्या वर्षीही ते वेगळंच होतं. सराव आपल्याच संघाशी असतो, हे इथे कुणी लक्षात घेत नाही. आपल्या आक्रमणाने आपल्या बचावाला फाडून काढलं, ही एकाच वेळी चांगली आणि वाईट बातमी आहे. चाहता त्यातली चांगली तेवढी कापून घेतो.

दुसरा माल जरा दर्जेदार दिसतो: परत येणारे खेळाडू. आक्रमणाचे अकरा, बचावाचे अकरा, एकूण बावीस. ‘बावीसपैकी सोळा परत!’ हे वाक्य ऐकलं की उर भरून येतो. पण सोळा कोणाचे? तीन-नऊ करणाऱ्या संघाचे सोळा परत आले, म्हणजे नापास झालेल्या वर्गातली सोळा मुलं त्याच बाकांवर बसली आहेत. नुसती डोकी मोजण्यात अर्थ नाही. गेल्या हंगामातल्या एकूण खेळापैकी किती वाटा परत आला, ते बघायचं, आणि त्यातही जागेप्रमाणे वजन द्यायचं. क्वार्टरबॅक तोच असेल तर मोठा फायदा. आक्रमणाच्या फळीतले पाच धिप्पाड गडी एकमेकांशेजारी किती सामने खेळलेत, ही बेरीज सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी. त्या पाचांतला एक जरी कच्चा निघाला, तरी बाकीच्या चौघांचा अनुभव क्वार्टरबॅकला आडवा झालेला बघण्यात जातो. शिवाय आता ट्रान्स्फर पोर्टल आहे, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलण्याचा राजमार्ग. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसेही घेता येतात. त्यामुळे डिसेंबरात लिहिलेलं भाकीत ऑगस्टात उघडलं, की निम्मं वऱ्हाड दुसऱ्याच मांडवात जेवत असतं.

आता मुख्य पाप. चाहता बारा सामन्यांची यादी घेतो आणि प्रत्येकापुढे ‘जिंकू’ किंवा ‘हरू’ लिहितो. इथेच दूध नासतं.

योग्य रीत अशी. दोन्ही संघांच्या ताकदीतला फरक गुणांत काढायचा. त्यासाठी बिल कॉनेली यांची एसपी-प्लस नावाची मानांकनं चांगली आहेत. सामना घरी असेल तर अडीच गुण मिळवायचे, बाहेर असेल तर वजा करायचे. मग फरकावरून शक्यता. माझा ढोबळ तक्ता असा: ३ गुणांनी वरचढ असाल तर ५८ टक्के, ७ गुणांनी ६९, १४ गुणांनी ८४, २१ गुणांनी ९३. शेवटी बाराही शक्यतांची बेरीज करायची. ती जी येईल ती विजयांची अपेक्षा.

नेब्रास्कासारख्या मधल्या संघाचं एक नमुन्याचं वेळापत्रक घेऊ. तीन सामने ९३ टक्क्यांचे, तीन ६९चे, दोन अगदी निम्मे-निम्मे, दोन ४२चे आणि दोन १६चे, ज्यांत समोर ओहायो स्टेटच्या तोडीचं कुणीतरी उभं आहे. बेरीज करा: ७.०२. म्हणजे सात-पाच, त्यातही दीड सामना इकडेतिकडे होणारच. आता हेच चाहत्याच्या पद्धतीने मोजा. ९३वाले तीन जिंकू, ६९वाले तीन जिंकू, निम्मे-निम्मे दोन... अहो, घरचं मैदान आहे, जिंकू. उरलेले चार हरू, उगीच आशाळभूतपणा नको. झाले आठ-चार! आणि वर समाधान हे की आपण चार पराभव मोठ्या मनाने मान्य केले. ६९ टक्के म्हणजे तीनांत जवळजवळ एक हार, हे आपण रेल्वेच्या आरक्षणात मान्य करतो, डॉक्टरांच्या बाबतीतही करतो. फुटबॉलमध्ये मात्र ६९ला शंभर समजतो.

जे वीर ‘यंदा बारा-शून्य’ म्हणतात, त्यांच्यासाठी एक हिशेब. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९० टक्के धरली, तरी बाराही जिंकण्याची शक्यता २८ टक्के येते. ६० धरली तर हजारात दोन. हा हिशेब स्टेडियमबाहेर गाडीच्या डिकीपाशी शेगडी पेटलेली असताना सांगू नये. रुंझा मिळायचा बंद होतो. (रुंझा म्हणजे गोमांसाचा खिमा, कोबी आणि कांदा पावात बंद करून भाजलेलं इथलं खाद्य. शाकाहारी मराठी माणसाने नुसत्या वासावर भागवावं.)

इथवर सगळं ठीक. गणित शिकलो, शहाणे झालो, सात-पाच म्हणू लागलो. मग २०२१ साल आलं.

त्या वर्षी नेब्रास्काने बारा सामन्यांत ३३५ गुण केले आणि २७२ दिले. त्रेसष्ट गुण वर! अशा संघाने किती सामने जिंकायला हवेत याचं एक सूत्र आहे: केलेल्या गुणांचा २.३७ घात घ्यायचा, आणि त्याला केलेल्या व दिलेल्या अशा दोन्हींच्या घातांच्या बेरजेने भागायचं. उत्तर येतं ०.६२. बाराने गुणलं की साधारण साडेसात विजय. प्रत्यक्षात झाले तीन. तीन-नऊ! नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी गुणांनी. ते असे: ८, ७, ३, ३, ७, ५, ९, ७, ७. हा आकडा मी फोन नंबरासारखा पाठ म्हणू शकतो. टचडाऊनचे (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकापलीकडे नेल्याचे) सहा आणि वर दोन मिळून एका फेरीत, म्हणजे चेंडू एकदा हाती आला की, जास्तीत जास्त आठ गुण होतात, म्हणून आठापर्यंतचा फरक म्हणजे ‘एका फेरीचा सामना’. असे आठ सामने झाले आणि आठही गेले. नाणं आठदा उडवून आठदा काटाच पडण्याची शक्यता २५६त एक.

कसे गेले हेही ऐका. मिशिगन स्टेटविरुद्ध २०-१३ असे पुढे होतो. शेवटच्या काही मिनिटांत पंट मारला, म्हणजे चेंडू लाथेने लांब ढकलून दिला. ठरलं होतं एका बाजूला, गेला दुसऱ्या. आपली सगळी फौज ठरल्याप्रमाणे ठरलेल्या बाजूला धावली. समोरच्या गड्याने उलट बाजूला चेंडू झेलला आणि मोकळ्या रानातून ६२ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. जादा वेळेत हरलो. आयोवाविरुद्ध २१-६ची आघाडी, तिथे पंट अडवला गेला आणि त्याचाच टचडाऊन झाला. हरलो. भाकितं लिहिणारा कोणीही माईचा लाल पंटरवर चार ओळी लिहीत नाही. क्वार्टरबॅकवर चार पानं लिहितो.

आता २०२२चा ऑगस्ट. गणिताचं म्हणणं स्पष्ट होतं. थोडक्यात हरलेले सामने हे बरंचसं नशीब असतं, आणि नशीब पुढच्या वर्षी सरासरीकडे येतं. सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागतो तेही निम्मं-निम्मंच, कारण चेंडू लंबगोल. तो कसा उसळेल हे त्यालाही माहीत नसतं. चेंडूच्या अशा एकेका अदलाबदलीची किंमत चार-पाच गुण. म्हणजे गेल्या वर्षीची साडेसाती यंदा उतरणार! बघा, पहिल्यांदाच आशा आणि आकडे एका ताटात जेवत होते. आठ-चार लिहिताना हात थरथरला नाही.

पहिला सामना डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी. तिसऱ्या सत्रात २८-१७ असे पुढे. आणि अकरा गुणांनी पुढे असताना आपल्या संघाने ऑनसाइड किक मारली. ही किक मुद्दाम आखूड मारतात, चेंडू आपणच परत पकडावा म्हणून. ती बहुधा मागे पडलेले, घड्याळाकडे बघून घाबरलेले लोक मारतात. चेंडू नॉर्थवेस्टर्नने उचलला आणि सामनाही उचलला, ३१-२८. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असे हरलो आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना निरोप मिळाला. तीन आठवडे थांबले असते, तर त्यांना द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्मी झाली असती. विद्यापीठाने थांबायचं नाही असं ठरवलं. त्या एका निर्णयाबाबत मात्र मी कधीही शक्यतांचं गणित केलेलं नाही. शेवट चार-आठ. म्हणजे माझे आकडे बरोबर होते, फक्त उलटे छापले गेले.

त्यानंतर नवे प्रशिक्षक आले, मॅट रूल. २०२३मध्ये आठ सामन्यांत पाच विजय झाले. वाटीला एकच हवा आणि चार सामने बाकी. चारही निम्मे-निम्मे धरले तरी एकही न मिळण्याची शक्यता सोळात एक. मिशिगन स्टेट २०-१७, मेरीलँड १३-१०, विस्कॉन्सिन जादा वेळेत २४-१७, आयोवा १३-१०. पाच-सात. २०२४मध्ये सहात पाच जिंकले, तेव्हा माझ्यासारखे जाणकार बाऊलचं विमान कुठलं घ्यायचं ते बघू लागले. पुढचे चार सलग गेले. त्यातला पहिला इंडियानाकडून ५६-७. शेवटी विस्कॉन्सिनला ४४-२५ हरवलं, आणि २०१६नंतर पहिल्यांदा वाटी हातात आली. त्या संध्याकाळी लिंकनमध्ये जो जल्लोष झाला, तो बाहेरगावच्या माणसाला सांगताना ‘सहावा विजय’ हे शब्द जरा हळू उच्चारावे लागतात.

एवढं सगळं झाल्यावर माझ्या ऑगस्टच्या वहीत थोडी शिस्त आली आहे. सरावशिबिराच्या बातम्यांचं वजन शून्य. मोठ्या सामन्याच्या आदल्या आणि नंतरच्या आठवड्याला अर्धा-अर्धा गुण वजा, कारण विशीतली मुलं आहेत, डोकं पुढच्या नाहीतर मागच्या शनिवारी असतं. सुट्टीचा आठवडा कुणाला आधी मिळाला तेही टिपायचं. २०२४पासून आमची परिषद, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, पार लॉस एंजेलिसपर्यंत पसरली, त्यामुळे दोन घड्याळं ओलांडून जायचं असेल तर आणखी एक गुण खाली. हे गुण माझ्या अंदाजाचे आहेत, वेदवाक्य नव्हे. लाथ मारणाऱ्या दोन्ही गड्यांची नावं पहिल्या पानावर, क्वार्टरबॅकच्याही वर. निम्म्या-निम्म्या सामन्यापुढे अर्धा विजय लिहायचा आणि तो पूर्ण करायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी. बेरीज सात येते, कधी साडेसहा. त्याखाली रेघ मारायची.

रेघेच्या खाली मी ‘पण’ लिहितो, आणि त्यापुढे आठ-चार.

शेवटच्या ओळीत आयोवा असते, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षं १३-१०, दोन्ही वेळा शेवटच्या किकवर. म्हणून त्या रकान्यात मी आता गुण शाईने भरून ठेवतो: १३-१०. विजेत्याचा रकाना पेन्सिलीचा आहे.