व्यासपीठ पुरुषांचेच राहावे म्हणून काही सूचना

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीच्या समितीवर आपण असाल आणि ईश्वरविज्ञानाची पदवी घेतलेली एखादी मुलगी ‘मला पाळक व्हायचे आहे’ असे म्हणत पुढे आली, तर गडबडून जाऊ नये. तिचे तोंडभरून कौतुक करावे आणि लगेच संडे स्कूल तिच्याकडे सोपवावे.

आपण रोमन कॅथलिक असाल तर फारसे कष्ट नाहीत. स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये लिहून ठेवले आहे. पुढे पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांच्या डीकनपदावर (धर्मगुरूच्या खालच्या दीक्षित पदावर) २०१६ आणि २०२० मध्ये अभ्यास आयोग नेमले. पण आयोगाकडे गेलेला प्रश्न किती निवांत झोपतो, हे सीमावादावरचा महाजन आयोग पाहिलेल्या सीमाभागाला कोणी शिकवायला नको.

खरी अडचण प्रॉटेस्टंटांची आहे. मेथडिस्टांच्या सर्वसाधारण परिषदेने १९५६ मध्येच स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार दिले (राज्य पुनर्रचनेचेच ते वर्ष, आपल्या वाट्याला काय काय आले पाहा), आणि चर्च ऑफ साउथ इंडियाने तर २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. अशा वेळी नियमांचे पुस्तक मिटून पवित्र शास्त्र उघडावे. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातले स्त्रियांनी गप्प राहण्याचे वचन खणखणीत वाचावे; मात्र त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक झाकावे असे पौल सांगतो, म्हणजे त्या मंडळीत बोलत होत्याच, याची वाच्यता करू नये. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय ‘नुसती नावे आहेत’ म्हणून उरकावा, कारण तिथे फिबी, प्रिस्का आणि युनिया या मंडळीच्या कामात पुढे असलेल्या स्त्रिया भेटतात. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगणारी मग्दालीया मरीया ईस्टरपुरतीच बाहेर काढावी.

गप्प राहण्याचा नियम अर्थातच तारतम्याने लावायचा असतो. गायनात, आजाऱ्याच्या उशाशी आणि छपराच्या दुरुस्तीची वर्गणी मागताना बायकांनी अवश्य बोलावे. रात्री-अपरात्री खेड्यातून बोलावणे आले तर बाईमाणूस कसे जाणार, ही काळजी मात्र चेहऱ्यावर कायम असू द्यावी, आणि मिशनच्या काळात बायबलवुमन (शास्त्र शिकवणाऱ्या बायका) खेडोपाडी हिंडत होत्या असे एखाद्या म्हातारीने काढलेच, तर ‘तो काळ वेगळा होता, मावशी’ एवढेच म्हणावे. ‘आमची हरकत नाही, पण लोक तयार नाहीत’ हे वाक्य उठता उठता बोलावे, म्हणजे लोक म्हणजे कोण, हे विचारायला कोणाला सवड मिळत नाही. रविवारी बायकांच्या बाजूचे बाक आधी भरतात, हे सगळ्यांनाच दिसत असते.

एवढे करूनही ठराव येणारच असेल, तर सभा उपासनेनंतर जेवणाच्या वेळी बोलवावी. बायका पंगत वाढण्यात गुंतलेल्या असतील, आणि इतिवृत्तात ‘एकमताने नामंजूर’ असे निर्धास्तपणे लिहिता येईल.