३० आठवड्यांत ५८ किलो, आणि त्यानंतरची सहा वर्षं

गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज पार खोल गेला होता. आदल्या दुपारपासून तिने पाणी प्यायलं नव्हतं. वजनकाट्यावरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. का, तर रविवार तिचा वजन करायचा दिवस. फोन ठेवल्यावर तिने मला एक मेसेज पाठवला. तो याआधी तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचताच पुसून टाकला होता. तेव्हाच वाचायला हवा होता.

मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेत माणसं सात महिन्यांत पन्नास-साठ किलो उतरवतात. अगदी मोजकं खा, रोज तासन्‌तास घाम गाळा, वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद करा. त्याने चयापचय, म्हणजे शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग, कायमचा वाढतो. ज्यांचं वजन परत येतं ते मनाने कमकुवत. आणि हे सगळं टीव्हीवर, सगळ्या जगासमोर सिद्ध झालेलं आहे.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण ताई खाली बसली ती त्यापायी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. ते प्यायलं नाही तर काटा एक किलोने कमी दाखवणार आणि प्यायलं की परत तिथेच येणार. यात चरबीचा कणही हललेला नसतो. २००४ साली झालेल्या याच स्पर्धेच्या पहिल्या पर्वाच्या विजेत्याने नंतर स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे की शेवटचे दहा दिवस त्याने घन अन्न खाल्लं नाही, रबरी सूट घालून तो धावला, वाफेच्या खोलीत बसला, आणि शेवटी लघवीतून रक्त जायला लागलं. स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांत त्याचं वजन सुमारे साडेचौदा किलोंनी वाढलं, तेही मुख्यतः नुसतं पाणी पिऊन. बक्षीस अडीच लाख डॉलरचं होतं. ताईला कोण काय देणार आहे? वर तिची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. अशी गोळी चालू असताना पाणी तोडलं तर रक्तदाब धाडकन उतरतो, क्षारांचं प्रमाण बिघडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल, पण माहीत नसताना लाखो लोकांना ‘पाणी बंद करा’ सांगण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

पहिल्याच आठवड्यात काटा भराभर उतरतो, ‘पद्धत लागू पडली’ असं वाटतं, तेही बरंचसं पाणीच. यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवून ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा आधी संपतो. नीट जेवायला लागलं की तो परत भरतो आणि माणूस घाबरून पुन्हा उपाशी राहतो.

आता चयापचय. मेसेजमधला हा सगळ्यांत उलटा दावा, कारण नेमकी याच स्पर्धेतली माणसं घेऊन याच प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २००९च्या आठव्या पर्वातले १४ स्पर्धक सहा वर्षांनी परत तपासले आणि २०१६ साली ‘ओबेसिटी’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. सुरुवातीला या लोकांचं सरासरी वजन जवळपास १४९ किलो होतं. ३० आठवड्यांनी ते सुमारे ९१वर आलं, म्हणजे ५८ किलो गेले. मेसेजमधला आकडा इथवर खरा आहे. सहा वर्षांनी सरासरी होती जवळपास १३२. गेलेल्या ५८मधले ४१ किलो परत आले होते. चौदापैकी पाच जण तर मूळ वजनाशी किंवा त्याच्याही पुढे पोचले होते.

आणि शरीर विश्रांतीत असताना जी ऊर्जा जाळतं, ती स्पर्धेच्या शेवटी आधीपेक्षा रोज सुमारे ६१० कॅलरींनी घटली होती. वजन कमी झालं की थोडी घट होणारच, शरीर लहान झालेलं असतं. पण सहा वर्षांनी, बहुतेक वजन परत आल्यावरही, घट भरून आली नाही. ती ७०४वर गेली. त्याच वयाच्या, त्याच अंगाच्या माणसाचं शरीर जेवढं जाळेल त्यापेक्षा यांचं शरीर रोज जवळपास ५०० कॅलरी कमी जाळत होतं. मेसेज म्हणतो वेग वाढतो, कायमचा. मोजलं तेव्हा तो मंदावलेला निघाला आणि सहा वर्षांनीही मंदच होता.

१४ माणसं म्हणजे थोडीच, हे मान्य. पण दावा याच माणसांच्या नावावर चाललाय, मग उत्तरही याच माणसांच्या शरीरातून घेऊ या.

‘मनाने कमकुवत’ हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ताई आता तेच शब्द स्वतःबद्दल वापरते. त्याच अभ्यासात लेप्टिनही मोजलं होतं. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडतात आणि त्यावरून मेंदूला कळतं की साठा पुरेसा आहे, भूक आवर. स्पर्धेआधी त्याची पातळी ४१ होती. स्पर्धा संपली तेव्हा अडीच. एवढी उतरली की मेंदूला कळतं ते एकच, आपण उपाशी मरतोय. सहा वर्षांनीही ती २८च्या आसपासच होती, मूळच्या पातळीला पोचलेली नव्हती. एकीकडे शरीर कमी जाळतंय, दुसरीकडे भूक पाठ सोडत नाही, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. त्यात ज्यांनी वजन जास्त टिकवलं, त्यांचाच चयापचय जास्त मंदावलेला आढळला. म्हणजे जे यशस्वी झाले तेसुद्धा रोज याच्याशी झुंजत होते. यात आळस कुठे दिसतो?

व्यायामाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारून मला चालणार नाही. याच १४ जणांवरचा दुसरा शोधनिबंध २०१७ साली आला. ज्यांनी वजन टिकवलं त्यांची रोजची हालचाल आधीपेक्षा १६० टक्क्यांनी वाढलेली होती, ज्यांचं परत आलं त्यांची फक्त ३४ टक्क्यांनी. संशोधकांच्या हिशेबाने टिकवायला रोज साधारण ८० मिनिटांचा मध्यम व्यायाम लागतो. हे जमवणं अवघड आहे, पण तासन्‌तास घाम गाळणं निराळं. टीव्हीवरची माणसं घर-नोकरी बाजूला ठेवून, प्रशिक्षक आणि डॉक्टरांच्या नजरेखाली तेवढंच करत होती. तरीसुद्धा त्या आठव्या पर्वात वाळूतल्या पहिल्याच मैलभराच्या शर्यतीनंतर दोघांना रुग्णालयात न्यावं लागलं.

‘झटपट उतरवलेलं वजन टिकतच नाही’ असंही मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींवर ठेवलं होतं आणि वर्षभरानंतर जवळपास निम्म्यांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे सुरुवातीलाच मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, मग अन्न टप्प्याटप्प्याने परत सुरू केलं आणि पुढेही मदत चालू ठेवली. पाणी कुणी तोडलं नव्हतं. मोबाइलवर आलेल्या चार ओळी वाचून, चालू गोळ्यांसकट हे घरी करायला जाणं धोक्याचं आहे. वजन फार झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि चरबीबरोबर स्नायूही जातात, ते वेगळंच.

राहिलं ‘टीव्हीवर सिद्ध झालं’. टीव्हीने शेवटचं वजन दाखवलं आणि दिवे मालवले. पुढची सहा वर्षं कॅमेरा तिथे नव्हता.

ताईला मी हे सगळे आकडे वाचून दाखवले. १४९, ९१, १३२ हे तीन तिने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मागच्या वेळचे सात किलो परत आले ते मी हावरट म्हणून नाही?” नाही गं. येत्या गुरुवारी तिच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी जातोय. विचारायचे प्रश्न तिने कागदावर लिहून ठेवलेत, आणि त्यातला पहिला गोळी आणि पाण्याचा आहे.