रानड्यांच्या नावावर खपवलेली चार वाक्यं

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो मजकूर परवा तिसऱ्यांदा फिरून आला. वर न्यायमूर्ती रानड्यांचा पगडीतला फोटो, खाली त्यांच्या नावाने चार ‘वचनं’. विलायती माल साफ बंद करा. देश गरीब आहे तो फक्त इंग्रज संपत्ती नेतात म्हणून. परक्या भांडवलाला दारात उभं करू नका. सरकारला धंद्यापासून लांब ठेवा. मामांनी हात जोडले, दोन काकूंनी ‘वंदन’ लिहिलं. एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. रानड्यांचे अर्थशास्त्रावरचे गाजलेले निबंध इंग्रजीत आहेत, मग हे इतकं घोटीव मराठी आलं कुठून?

पहिलं वचन निम्मं खरं आहे. १८७२-७३ मध्ये त्यांनी पुण्यात व्यापारावर व्याख्यानं दिली आणि देशी माल वापरण्याचा आग्रह धरला. त्यांचे सहकारी सार्वजनिक काका तर १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले. पण रानड्यांचं दुखणं बाहेरून माल येतो एवढंच नव्हतं. तेलबिया, कातडी, कापूस आपण कच्चे पाठवतो आणि त्यांचाच पक्का माल विकत घेतो, हे त्यांना खुपत होतं. घाणी इथे चालली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बंदरावर कुलूप घातल्याने घाणी चालत नाही.

दुसऱ्या वचनाने मात्र कमालच केली आहे, कारण रानडे याच्या नेमकं उलट बोलले. संपत्तीच्या निःसारणाचा, म्हणजे देशाची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हा सिद्धांत दादाभाई नौरोजींचा. १८६७ पासून ते तो मांडत होते, आणि १८७४ मध्ये आपल्या शेजारच्या बडोद्याचे दिवाणही होते. रानडे १८९० च्या पुण्याच्या औद्योगिक परिषदेत काय म्हणाले? इंग्लंडला जाणाऱ्या सुमारे २० कोटींकडे बोट दाखवून ‘आता आपल्याच्याने काही होणार नाही’ असं म्हणत बसणं मर्दपणाचं नाही. त्यातला काही भाग कर्जावरचं व्याज आहे आणि इतक्या कमी दराने देणारा सावकार मिळाला याचे आभारच मानावेत. काही भाग घेतलेल्या सामानाची किंमत आहे. उरलेल्या खर्चाबद्दल तक्रारीला जागा आहे, हेही त्यांनी कबूल केलं, पण तो वाद राजकारण्यांवर सोडा म्हणाले.

यापुढचं वाक्य फॉरवर्ड करणाऱ्यांना झेपणार नाही. आपणही अफूच्या मक्तेदारीतून चीनकडून तेवढीच खंडणी वसूल करतो, याची आठवण रानड्यांनी करून दिली. माळव्यात बसून हे वाचताना जरा चपापायला होतं. मक्तेदारी बंगालची होती, पण माळव्याच्या अफूच्या पेट्या पुढे जाऊ देण्यासाठीही इंग्रज पास-कर घेत, आणि त्या पेट्यांची वजनं आपल्या इंदुरात होत. मला स्वतःला त्यांचा हा हिशोब पटत नाही. एकाची लूट दुसऱ्याच्या लुटीने कशी फिटणार? पण न पटणारं मत गाळून त्याच्या जागी आपल्याला आवडणारं बसवायचं, ही कुठली रीत?

परक्या भांडवलाबद्दलच्या तिसऱ्या वचनाचं उत्तर वरच्या सावकारात आलंच.

चौथं वाचून रानडे हसले असते. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजच्या व्याख्यानात त्यांनी हेच सांगितलं की इंग्लंडचं अर्थशास्त्र त्रिकालाबाधित नाही आणि सरकारने हात बांधून बसणं प्रत्येक देशाला मानवत नाही. जावातल्या डच पद्धतीवरच्या (डच सरकार शेतकऱ्यांकडून ठरावीक पिकं लावून घेई) निबंधात त्यांनी सरकारने साखरेसारख्या धंद्यांना आगाऊ पैसे दिल्याचा दाखला दिला. ती पद्धत जावाच्या शेतकऱ्याला किती जाचक होती, हा भाग वेगळाच. इंदूरकरांना तर यासाठी जावापर्यंत जायची गरजच नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दरबाराच्या पैशाने इथे कापडगिरणी काढली आणि रेल्वेसाठी इंग्रज सरकारलाच १ कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले.

त्याच रेल्वेच्या वाटेवर बडवाह लागतं. ओंकारेश्वरला जाताना आपण तिथे चहाला थांबतो. रेल्वे येण्याआधी, १८६० मध्ये, इंग्रज सरकारने स्वीडनहून मिटांडर नावाचा जाणकार आणून तिथे लोखंडाचा कारखाना उभारायला घेतला. भट्टी बांधून झाली. पण नियमित उत्पादन सुरू व्हायच्या आतच, १८६४ मध्ये, सरकारने पाय काढून घेतला. मद्रासकडे हीथ नावाच्या इंग्रजाने पोर्टो नोव्हो गावी काढलेल्या लोखंडाच्या कारखान्याचीही अशीच वाताहत झाली होती, आणि १८९२ मध्ये लोखंडाच्या धंद्यावर लिहायला बसल्यावर रानड्यांनी तिची हकीकत दिली. सरकारने अशा धंद्यातून हात काढून घेऊ नये, उलट तिथे बनलेला माल स्वतः विकत घ्यावा, हे मागण्यासाठी.