गायरानाला सरसकट नांगर नको

जुनं गायरान नांगरा, गवताचं बी फेका आणि युरिया द्या, हा गायरान सुधारण्यावरच्या लेखातला सल्ला माणदेशातल्या आमच्या मुरमाड माळाला घातक आहे. इथं चार बोटं मातीखाली मुरूम लागतो. सगळं नांगरलं की पहिल्याच वळवात माती ओढ्यात जाते. उताराला आडव्या सऱ्या काढून तेवढ्याच पट्ट्यात अंजन गवत पेरावं, मारवेल गवताची ठोंबं लावावीत.

अंजनाचं बी लवदार आणि हलकं असतं, हाताला चिकटतं, वाऱ्यावर उडतं. म्हणून ओलसर माती नि शेणखतात कालवून त्याच्या बारीक गोळ्या करायच्या, सावलीत वाळवायच्या आणि पावसाच्या तोंडावर अगदी वरवर टाकायच्या. बी गेल्या हंगामातलं घ्या, ताजं नीट उगवत नाही.

युरियाबद्दल तर कळकळीनं सांगतो. त्यानं गवत उंच माजतं आणि त्यात मिसळून पेरलेली चाऱ्याची स्टायलो खाली दबते. ही शेंगवर्गीय वनस्पती मुळांच्या गाठींतून स्वतःच नत्र (नायट्रोजन) देते, तिला हवं असतं स्फुरद (फॉस्फरस). १६ टक्के स्फुरदाचं सिंगल सुपर फॉस्फेट खत पेरताना द्या. पेरणीआधीच्या उन्हाळ्यात त्याच जागेवर मेंढ्या बसवल्या तर लेंडी-मुताचं खत जागच्या जागी मिळतं.

कुसळी हे गवत मात्र फुलोऱ्याआधीच कापा, नाहीतर तिची कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातड्यात घुसतात.

चराईबंदीचा उल्लेख लेखात हवाच होता. पहिल्या वर्षी जनावर आत सोडायचं नाही, बी झडल्यावर गवत विळ्यानं कापून न्यायचं. हे पेरणीआधीच ग्रामसभेत ठरवून घ्या, मेंढपाळांना बोलावूनच.