हाल्प ड्राय म्हणजे अडीच

व्हिसाचा शिक्का बसला की पुण्यातल्या घरात दोन गोष्टी एकदम बाहेर निघतात: माळ्यावरची बॅग आणि प्रत्येकाचं मत. बॅगेचं एक बरं असतं, तेवीस किलोला काटा टेकला की ती ऐकते. मतांना वजनाची अट नाही.

“मग, कुठली भाषा शिकणार?”

काकांचं म्हणणं, जर्मनच. चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, परत आलास तरी वाया जाणार नाही. म्हणजे मुलगा अजून विमानात बसलेला नाही आणि काकांनी त्याला चाकणला परत आणून बसवलासुद्धा. आत्याला फ्रेंच हवी, कारण ती ‘गोड’ असते. (आत्याने फ्रेंच माणसाला नळ गळत असल्याची तक्रार करताना ऐकलेलं नाही.) वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ सांगतात, इंग्रजीवर सगळं भागतं, आम्ही अकरा दिवसांत सात देश केले, कुठ्ठे अडलं नाही. अडणार कसं? टूर मॅनेजर डोंबिवलीचा आणि रात्री वरणभात.

मला विचाराल तर एकच कसोटी लावावी. जिथे राहणार, तिथल्या पत्रपेटीत कागद कुठल्या भाषेत पडतो? ऑफिस इंग्रजीत चालेल, दुकानात गल्ल्यावरचा आकडा वाचून पैसे देता येतील, शेजाऱ्याशी हसून भागेल. पत्रपेटीशी हसून भागत नाही.

जर्मनीचंच घ्या. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत पालिकेत नाव नोंदवायचं. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे नाव बघूनच पुष्कळांना वाटतं की आपण घर न घेता परत जावं. पण शाळेत समासाचा विग्रह केला असेल तर घाबरायचं कारण नाही. वोनुंग म्हणजे घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे दाखला. घर देणाऱ्याचा दाखला, सरळ षष्ठी तत्पुरुष. मधला ‘स्’ नुसता सांधा जोडायला आहे. असले शब्द पुढून वाचायचे नाहीत, शेपटीकडून सोडवायचे. शेवटचा तुकडा म्हणजे मूळ वस्तू, आधीचे सगळे तिचे मानकरी.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत आणखी एक पत्र येतं: सरकारी नव्हे, पण सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरामागे महिना १८.३६ युरो. तुमच्याकडे टीव्ही आहे की नाही हे कोणी विचारत नाही. आपल्या माणसाला ती केबलवाल्याची जाहिरात वाटते आणि तो पत्र कागदाच्या डब्यात टाकतो. (कचरा वेगळा करणं मात्र पहिल्याच आठवड्यात जमतं, पुण्यात ओला-सुका करून हात बसलेला असतो, तिथे फक्त डब्यांची संख्या वाढते.) मग स्मरणपत्र, मग त्यावर दंड.

आता कोणी म्हणेल, एवढंच ना, ज्या देशात जायचं त्याची भाषा शिकायची! तसं असतं तर हा लेख इथेच संपला असता. झुरिकला जाणारा पुण्यात इमानेइतबारे जर्मन शिकतो आणि तिथे पोचल्यावर त्याला कळतं की पत्रं जर्मनमध्ये येतात, पण माणसं श्वित्सरड्युट्श, म्हणजे जर्मनची स्विस बोली, बोलतात. नमस्काराला ‘ग्रुएत्सी’, सायकलीला ‘फाराड’ नव्हे तर ‘वेलो’. स्वयंपाकघरातल्या छोट्या कपाटाला ‘खुखिखेश्तली’, तिन्ही ख घशातून, घास अडकल्यासारखे. पाहुण्याची परीक्षा घ्यायला स्विस लोक हाच शब्द पुढे करतात. इथे उत्तर सोपं आहे: प्रमाण जर्मनच शिका, कारण लिहिलं जातं तेच, बोलीला फक्त कान द्या. तिकडच्यांना सवय असते, तुम्ही अडखळलात की ते प्रमाण भाषेवर येतात.

ब्रसेल्सचं मात्र खरंच कठीण. शहराच्या १९ कम्यूनमध्ये, म्हणजे पालिकांमध्ये, सरकारी कामाला फ्रेंच किंवा डच, तुम्ही निवडाल ती. भाडं कमी म्हणून हद्दीबाहेर फ्लांडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषी भागात, घर घेतलंत की बहुतेक ठिकाणी पालिकेचा कागद डचमध्येच येणार. आगगाडीत भाषेची सीमा ओलांडली की घोषणेची भाषाही बदलते. रस्त्यावर तर आणखी मजा. तुम्हाला फ्रान्समधल्या लीलला जायचंय आणि पाटी म्हणते ‘राय्सल’. मॉन्स शोधताय, पाटीवर ‘बेर्गन’. गावं तीच, नावं डच. म्हणून तिथे भाषा निवडायच्या आधी घर निवडावं. घराचा पत्ता ठरत नाही तोवर क्लासची फी भरू नये.

हेलसिंकीत फिनिश आणि स्वीडिश दोन्ही अधिकृत. नागरिकत्वासाठी दोन्हींपैकी एक चालते. हे वाचून हुशार माणूस ‘स्वीडिश सोपी’ म्हणून तीच उचलतो आणि मग जिन्यात भेटणारी बहुतेक माणसं फिनिश बोलतात. फिनिशला पंधरा विभक्ती हे ऐकून जग हबकतं. आपण हबकू नये. ‘टालो’ म्हणजे घर, ‘टालोस्सा’ घरात, ‘टालोस्ता’ घरातून. शब्दाच्या शेपटीला प्रत्यय जोडायचा, एवढंच.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. आपण परकी भाषा निवडतो इंग्रजीच्या तराजूत आणि शिकतोही इंग्रजीच्या खिडकीतून. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या हिशेबात फ्रेंच-स्पॅनिशला २४ ते ३० आठवडे, जर्मनला ३६ आणि जपानीला ८८. हा तक्ता आपल्याकडे गुण-मेलनाच्या पत्रिकेसारखा फिरतो. पण तो इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी आहे हो! सदाशिव पेठेतल्या माणसाचे ग्रह वेगळे.

घड्याळ घ्या. जर्मन माणूस म्हणतो, “हाल्प ड्रायला भेटू.” हाल्प म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. इंग्रजीतून शिकलेला मनात ‘हाफ थ्री’ म्हणतो, ब्रिटिश पद्धतीने त्याचे साडेतीन करतो आणि तासभर उशिरा पोचतो. जर्मनीत तेवढ्यात लोक लग्न मोडतात. हाल्प ड्राय म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झालेला. आपला अडीच हा शब्दही संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरूनच आला, म्हणजे अर्धा तिसरा. दीडसाठी जर्मनमध्ये एकच शब्द आहे, ‘आन्डरटहाल्प’. इंग्रजीला त्यासाठी चार शब्द लागतात. पूर्व आणि दक्षिण जर्मनीत काही भागांत ‘फिअर्टल ड्राय’ म्हणजे सव्वादोन आणि ‘ड्रायफिअर्टल ड्राय’ म्हणजे पावणेतीन. ज्या माणसाने लहानपणी पावकी-निमकी पाठ केली, त्याला हे अवघड वाटावं?

आकडेही तसेच. पंचेचाळीस म्हणताना आधी पाच, मग चाळीस. जर्मन म्हणतो फ्युन्फ-उन्ट-फिअर्त्सिश, पाच आणि चाळीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा राज्यभर काय गदारोळ झाला, ते आठवत असेल. जर्मनीत ‘वीस-एक’ म्हणू द्या अशी मागणी करणारी चक्क संघटना आहे. त्यांचंही कोणी ऐकत नाही.

लिंगांपाशी मात्र जरा थांबावं लागतं. तो, ती, ते ही तीन दारं आपल्याकडे आहेत, त्यामुळे डेअर, डी, डास या तिघांची ओळख पटते. पण कोण कुठल्या दाराने जातं ते जुळत नाही. जेवणाच्या टेबलावरच बघा: चमचा तो, तिकडेही तो. काटा आपला तो, त्यांची ती. सुरी आपली ती, त्यांचं ते. सूर्य तिकडे बाई आहे. मुलगी ‘ते’ आहे, हे ऐकून लोक हसतात. पण ‘मेडशन’मधला शेवटचा ‘शन’ लहानपण दाखवतो आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगीच. आपण लेकरू, पोरगं, वासरू म्हणतो तेव्हा कोण हसतं? उपाय एकच: वहीत शब्द कधीही एकटा लिहू नये, डेअर-डी-डाससकट लिहावा. चमच्यासाठी नुसतं ‘लोफल’ लिहिणाऱ्याला तीन महिन्यांनी हजार शब्द पुन्हा पाठ करावे लागतात. ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’ने संपणारे शब्द डोळे मिटून स्त्रीलिंगी धरावेत. आणि ई-मेल आला, आली की आलं, यावर आपल्याकडे अजून एकमत नाही ना? उत्तरेकडचे जर्मन तिला ‘डी’ म्हणतात, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडकडे ‘डास’ही चालतं. तेवढ्यापुरतं घरी आल्यासारखं वाटतं.

उच्चारात तर आपण आयते श्रीमंत. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळा, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. जर्मन ‘झेड’ म्हणजे चमच्याचा च. जपानी ‘त्सुनामी’तला त्सुही तोच, ‘चूल’मधला. दोन टिंबांचा यू मात्र नवा आहे: जीभ ‘ई’ची ठेवा, ओठ ‘ऊ’चे करा आणि आरशात बघू नका.

फ्रेंचबद्दल आत्याचं मन राखून एवढंच सांगतो, की तिथे संधी आहे. ‘ले’ आणि ‘आमी’ जवळ आले की ‘लेझामी’. पण आकडे जपून. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. समोरच्याने ‘कात्र-व्हँ’ म्हटलं की तुम्ही ८० लिहिता. तो ‘दिस’ म्हणतो, तुम्ही खोडून ९० करता. तो ‘सेत’ म्हणतो, तुम्ही ९७ करता. तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते. म्हणून पहिलं वाक्य ‘माझं नाव अमुक’ हे नको, ‘सावकाश सांगा’ हे शिकावं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला ‘सेप्तान्त’, ‘नोनान्त’ असे सुटसुटीत शब्द आहेत, हा तिथे नोकरी घेण्याचा एक छुपा फायदा.

जपानीचं नाव काढलं की घर गप्प होतं. वास्तविक सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर बांधून आपण जपानला केव्हाच उंबऱ्यात आणलंय. वाक्याचा क्रम बघा: वाताशी वा ओचा ओ नोमिमासु. मी चहा पितो. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दामागे, आणि वाक्याला ‘ने’ लावून होकार मागायचा, आपण ‘ना’ लावतो तसा. त्यांची मुळाक्षरं अ, क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने येतात, तो क्रम बौद्धांबरोबर गेलेल्या संस्कृतच्या अभ्यासातून आलाय. माणसं मोजताना हितोरी, फुतारी आणि पुढे ‘निन’. आपण दोघे, तिघे, चौघे म्हणून पाचपासून ‘जण’वर येतो. ऱ्हस्व-दीर्घाचा हट्ट तर पुण्याला शोभेल असा: ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान’ म्हणजे आत्या-मावशी. ‘बा’ लांबवलात तर आजी. आत्यासमोर सराव करताना जपावं.

अडतं ते कांजीपाशी, म्हणजे चित्रासारख्या चिन्हांपाशी. नेहमीच्या वापरातली २,१३६. ‘निचियोबी’, म्हणजे रविवार, या शब्दात सूर्याचं एकच चिन्ह दोनदा येतं. पुढे ‘निचि’, मागे ‘बी’. का, ते विचारायचं नाही. दारावर कुरियरवाला चिठ्ठी ठेवून जातो, तीही कांजीत. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, एन-फाइव्ह, १८०पैकी ८० गुणांना सुटते, पण ऐकण्याच्या ६०पैकी १९ वेगळे मिळवावे लागतात. नेमके तिथे लोक पडतात. शिवाय या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. त्यामुळे भिंतीवर प्रमाणपत्र आणि तोंडात मूग, अशी माणसं पुण्यात पुष्कळ.

जर्मनची ए-वन, म्हणजे पहिली पायरी, यापेक्षा बोलकी. फॉर्म भरा, तीसेक शब्दांचं पत्र लिहा, तोंडी द्या, शंभरात साठ मिळवा. पण ए-वनला भाषा आली असं समजणं म्हणजे लायसन्सचा ‘एल’ लावून घाटात जाणं. घरमालकाशी भांडायचं तर तिसरी पायरी, बी-वन, लागते, आणि तिथवर पोचायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास धरावेत. आठवड्याला चार तास शनिवार-रविवार करणाऱ्याने स्वतःच भागाकार करावा. निघायच्या आधी इथे ए-टू उरकून जाणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तिकडे गेल्यावर पहिले सहा महिने भांडी, भाडं आणि बँकेत जातात. आणि दोन भाषा एकदम सुरू करू नयेत, विशेषतः डच आणि जर्मन. डचमध्ये ‘बेलन’ म्हणजे फोन करणं, जर्मनमध्ये भुंकणं. “उद्या तुला फोन करतो” हे वाक्य चुकीच्या देशात महागात पडेल.

एवढं सगळं करून दोन वर्षांनी माणूस सुट्टीवर कोथरूडला येतो. चहा व्हायच्या आत आत्या म्हणतेच, “बोलून दाखव की काहीतरी.” सगळं घर कानात प्राण आणून बसतं. वर्गणीचं पत्र आठवत नाही, समास आठवत नाही. मग तो घसा खरवडून म्हणतो, “खुखिखेश्तली.”

“म्हणजे रे?”

“स्वयंपाकघरातलं छोटं कपाट.”

“फडताळ म्हण की मग. चिवड्याचा डबा तिथेच आहे, घे काढून.”