नियम गेले तरी आभाळ कोसळलं नाही, कारण नियम पुरते गेलेच नव्हते

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: “अमेरिकेने २०१७ साली नेट न्यूट्रॅलिटी मोडीत काढली. इंटरनेट संपणार म्हणून तेव्हा केवढा गळा काढला होता! प्रत्यक्षात काहीच झालं नाही. जी गोष्ट कधी घडलीच नाही तिच्यासाठी १९३४ च्या टेलिफोन कायद्याचं जोखड कंपन्यांच्या मानेवर ठेवलं होतं. लोकांनाही ते नको होतं, गुंतवणूकही आटली होती. नियम हवेच असतील तर काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) करावेत. भारतानेही आपले नियम आता गुंडाळावेत.”

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक देणं. हा मजकूर वाचताना पटकन पटतो, आणि पुढे ढकलणारे बरेचजण समजूतदार आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

“काहीच झालं नाही.” १४ डिसेंबर २०१७ ला एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, अजित पै अध्यक्ष असताना ३ विरुद्ध २ मतांनी २०१५ चे नियम रद्द केले. कायदेशीर मजकूर अडवायचा नाही, मुद्दाम मंद करायचा नाही, पैसे घेऊन कुणाला रांगेत पुढे काढायचं नाही, हे त्या नियमांचं सार. पण गोष्ट इथे थांबत नाही. ३० सप्टेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियाने स्वतःचा कायदा केला आणि तो जुन्या नियमांपेक्षाही कडक होता. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली त्याच दिवशी केंद्राच्या न्याय खात्याने राज्यावर दावा ठोकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. कंपन्यांच्या संघटना मात्र लढत राहिल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयात हरल्या.

या कायद्याने काय केलं ते एका उदाहरणात दिसतं. चित्रपट-मालिका दाखवणारं एचबीओ मॅक्स तेव्हा एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्याच मालकीचं होतं. एटी अँड टीच्या मोबाइलवर ते पाहिलं तर डेटा कापला जात नसे, नेटफ्लिक्स पाहिलं तर कापला जाई. रस्ताही आपला, त्यावरचं एक दुकानही आपलं, आणि टोल फक्त शेजारच्या दुकानाच्या गिऱ्हाइकाला. मार्च २०२१ मध्ये कंपनीने डेटा माफीची ही योजना देशभर बंद केली आणि कारण म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्याचं नाव घेतलं, कारण मोबाइलचं जाळं राज्याच्या हद्दीवर तोडता येत नाही. मजकूर लिहिणाऱ्याला जी शांतता दिसते, तिच्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे.

आता २०१८ चा उन्हाळा. कॅलिफोर्नियात मेंडोसिनो कॉम्प्लेक्सचा वणवा पेटलेला होता. राज्याच्या नोंदीत तोवर एवढी मोठी आग नव्हती. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक संपर्क गाडी तिथे उभी होती. कुठली तुकडी कुठे आहे, कुठे किती माणसं हवीत, हे सगळं तिच्यातून इंटरनेटवर चालायचं. डेटाची मर्यादा संपली म्हणून व्हेरायझन या मोबाइल कंपनीने तिचा वेग मूळच्या दोनशेव्या हिश्श्यावर आणला. दलाने विनवण्या केल्या, तर दुपटीहून महाग प्लॅन घ्या असं उत्तर आलं. जवानांनी स्वतःचे फोन वापरून काम भागवलं. हे दलाच्या प्रमुखांनी शपथपत्रावर न्यायालयात सांगितलं आहे. आपल्या ग्राहकसेवेची चूक झाली, याचा नेट न्यूट्रॅलिटीशी संबंध नाही, असं कंपनी म्हणाली. त्यात काही अंशी तथ्य आहे. मर्यादेपुढे वेग कमी करणं २०१५ च्या तीन बंदींत थेट बसत नव्हतं. पण अशा वागणुकीचा जाब विचारायचा अधिकार तेव्हा एफसीसीकडे होता, आणि २०१७ च्या निर्णयाने तिने तोच सोडून दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने निर्णयाचा बराचसा भाग कायम ठेवला, पण सार्वजनिक सुरक्षेचा विचारच केला नाही म्हणून एफसीसीला सुनावलं. त्या निकालात या गाडीचा उल्लेख आहे.

“कधी घडलंच नाही.” घडलं, आणि वारंवार घडलं. २००५ मध्ये मॅडिसन रिव्हर या छोट्या कंपनीने इंटरनेटवरून होणारे फोन अडवले आणि १५ हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. २०१२ मध्ये एटी अँड टीने काही प्लॅनवर मोबाइल डेटातून फेसटाइम, म्हणजे ॲपलचे व्हिडिओ कॉल, चालू दिले नाहीत. त्याआधी २००७ मध्ये कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने बिटटोरंट, म्हणजे लोकांनी एकमेकांना थेट फाइली पाठवायची सोय, तोडलं. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी तपासण्यासाठी बायबलची फाइल निवडली होती. कॉमकास्टची यंत्रणा दोन्ही संगणकांना एकमेकांच्या नावाने बनावट संदेश पाठवत होती. फोनवर तुम्ही मित्राशी बोलताय आणि मधल्यामध्ये तिसराच कुणी मित्राचा आवाज काढून म्हणतो, “चल, ठेवतो.” तसंच हे.

“१९३४ चं जोखड.” याबद्दल एफसीसीने कॉमकास्टवर केलेल्या कारवाईचं पुढे काय झालं ते पाहिलं की हा मुद्दा सुटतो. एप्रिल २०१० मध्ये न्यायालय म्हणालं, एफसीसीला हा अधिकारच नाही. तिने नव्याने नियम केले. जानेवारी २०१४ मध्ये व्हेरायझनच्या दाव्यात ते बहुतेक उडाले. न्यायालयाचं म्हणणं असं, की कंपन्यांना सार्वजनिक वाहकाच्या, म्हणजे सगळ्यांना सारखी सेवा देणं बंधनकारक असलेल्यांच्या, वर्गात टाकलेलंच नाही, मग त्या वर्गाची बंधनं त्यांच्यावर कशी घालता? तो वर्ग १९३४ च्या कायद्यात आहे. म्हणून २०१५ मध्ये एफसीसीने त्याचा आधार घेतला, आणि दर ठरवून देण्यासारखी कलमं मुद्दाम बाजूला ठेवली. एवढे कडक नियम टिकवायचे तर त्या निकालानंतर हाच आधार उरला होता.

“लोकांनाच नको होतं.” २०१७ मध्ये एफसीसीकडे सव्वादोन कोटींच्या आसपास प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या २०२१ च्या अहवालानुसार त्यांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख बनावट होत्या. ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आल्या होत्या, खऱ्या माणसांची नावं त्यांना न विचारता वापरून. ७७ लाख नियमांच्या बाजूने होत्या आणि त्या एका १९ वर्षांच्या कॉलेजकुमाराने खोटी नावं तयार करून पाठवल्या होत्या. त्याचंही समर्थन नाही. पण एवढ्या खोटेपणातून लोकमत काढणं कुठल्याच बाजूला शक्य नाही.

गुंतवणुकीबद्दल फार लिहीत नाही. नियम उठल्यावरही २०१९ मध्ये एटी अँड टीचा भांडवली खर्च आदल्या वर्षापेक्षा कमीच होता. अशा खर्चामागे दहा कारणं असतात.

“काँग्रेसने करावेत.” मला स्वतःला हेच हवं आहे, म्हणून या वाक्याचा सर्वांत जास्त राग येतो. १६ मे २०१८ ला काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, सिनेटने, एफसीसीचा निर्णय उलटवण्याचा ठराव ५२ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केला. तीन रिपब्लिकन सदस्यही बाजूने होते. कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, तो मतदानालाच आला नाही. १० एप्रिल २०१९ ला, नव्या सभागृहात, प्रतिनिधीगृहाने नियम परत आणणारं विधेयक २३२ विरुद्ध १९० ने मंजूर केलं, तर रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांच्या हातातल्या सिनेटने ते पटलावरच घेतलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये एफसीसीने पुन्हा ३ विरुद्ध २ ने नियम आणले, आणि २ जानेवारी २०२५ ला अपील न्यायालयाने ते रद्द केले. एफसीसीकडे गेलं की काँग्रेसकडे बोट दाखवायचं, आणि काँग्रेसमध्ये विधेयक आलं की ते अडवायचं, हे वर्षानुवर्षं चाललं आहे.

राहिला भारत. दहा लाखांहून अधिक लोकांनी २०१५ मध्ये ट्रायला, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाला, ईमेल पाठवले, तेव्हा कुठे ८ फेब्रुवारी २०१६ चा भेदभावी दरांवर बंदी घालणारा विनियम आला आणि निवडक वेबसाइट फुकट दाखवणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स थांबलं. दंड दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. वेग आणि अडवणुकीबद्दलच्या अटी २०१८ मध्ये परवान्यांत घातल्या गेल्या. म्हणजे आपलंही सगळं एका विनियमावर आणि परवान्याच्या अटींवर उभं आहे, आणि मोठ्या वेबसाइटांनी नेटवर्कच्या खर्चाचा वाटा उचलावा ही दूरसंचार कंपन्यांची मागणी आलेली आहे. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढं तरी पाहा, की तो कुणाच्या कामी येतो आहे.